स्टंपमागची विद्वत्ता

नमस्कार मंडळी. विषय जरा गमतीचा घेतलाय आज. खेळाडू मैदानावर एकमेकांना टोमणे मारतात, क्रिकेटमध्ये त्याला स्लेजिंग म्हणतात, त्यात पुस्तकी, वजनदार शब्द वापरले तर त्याचा काही उपयोग होतो का? मी क्रिकेटवरच बोलणार आहे, कारण बडबडीला तिथं मोकळं रान असतं. आपल्या कबड्डीत बघा, चढाई करणाऱ्याचं तोंड नियमानंच बांधलेलं, कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं, दम तुटला की गडी बाद, तो बिचारा काय टोमणे मारणार! क्रिकेटमध्ये दिवसाला ९० ओव्हर्स, प्रत्येक बॉलनंतर बोलर रमतगमत मागे जाणार आणि तोवर कीपर, स्लिप, शॉर्ट लेग सगळे रिकामे.

आता वेळेचा हिशोब बघा म्हणजे पुढचं लक्षात येईल. ताशी १४० किलोमीटरचा बॉल हातातून सुटला की बॅट्समनपर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो, तेवढ्यात कुणी गीता वाचली काय नि शिव्या दिल्या काय, त्याला ऐकूच येत नाही. पण दोन बॉलच्या मधे अर्धं मिनिट असतं ना, सगळं स्लेजिंग त्या अर्ध्या मिनिटासाठी असतं. बॅट्समनच्या डोक्यात बॉल सोडून दुसरं काहीतरी घालायचं, बास. तो चिडला तरी चालेल, हसला तरी चालेल, विचारात पडला तर फारच उत्तम. त्यामुळे शब्द किती भारी आहे याला काही किंमत नाही, तो समोरच्याच्या डोक्यात किती वेळ घोळतो ते महत्त्वाचं.

याला नाव मात्र लई भारी दिलं ऑस्ट्रेलियन लोकांनी. त्यांचा कप्तान स्टीव्ह वॉ, त्याच्या टीमच्या काळात ‘मेंटल डिसइंटिग्रेशन’ हा शब्द जगभर गाजला. ऐकलं की वाटतं मानसशास्त्राच्या परीक्षेतला प्रश्न आहे, ५ मार्कांसाठी टीप लिहा. प्रत्यक्षात काय, तर समोरच्याला इतकं खिजवायचं की त्याचं खेळातलं लक्ष उडालं पाहिजे. म्हणजे पुस्तकी शब्द आला तो मैदानाबाहेर, प्रेस कॉन्फरन्समध्ये, आत जे चालायचं त्यातलं निम्मं मी इथं सांगू शकत नाही, पुढच्या रांगेत लहान मुलं बसलीयेत.

इंग्लंडमध्ये तर हा वर्गाचाच मामला होता. १९६२ पर्यंत तिथं जंटलमन आणि प्लेयर अशी अधिकृत विभागणी होती, जंटलमन म्हणजे पैसे न घेता खेळणारे, बरेचसे ऑक्सफर्ड-केंब्रिजवाले, आणि प्लेयर म्हणजे पगारी. नाव छापायची पद्धतसुद्धा वेगळी, जंटलमनची इनिशियल्स आडनावाच्या आधी, प्लेयरची नंतर. १९५० साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमसच्या नावात ही अदलाबदल झाली तर चक्क लाऊडस्पीकरवरून दुरुस्ती सांगितली होती! अशा वातावरणात फास्ट बोलर फ्रेड ट्रूमन, यॉर्कशायरच्या खाणकामगाराचा पोरगा. किस्सा असा सांगतात की त्यानं एका विद्यापीठवाल्या साहेबाची दांडी उडवली, साहेब जाताजाता अगदी अदबीनं म्हणाले, फार छान बॉल होता मिस्टर ट्रूमन, आणि ट्रूमन म्हणाला, हो ना, पण तुझ्यावर वाया गेला. आता यात अवघड शब्द एक तरी आहे का? सगळं शिक्षण साहेबांकडे आणि सगळी धार ट्रूमनकडे.

मग शिकलेल्या माणसाला हे जमतच नाही का? जमतं की. इंग्लंडचा कप्तान माइक ब्रिअर्ली घ्या. केंब्रिजमध्ये ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकलेला, न्यूकॅसलला तत्त्वज्ञान शिकवलेला, आणि खेळ सोडल्यावर तर सायकोअ‍ॅनलिस्टच झाला. त्याच्याबद्दल रॉडनी हॉग हा ऑस्ट्रेलियन फास्ट बोलर म्हणाला होता की याच्याकडे माणसं ओळखण्याची डिग्री आहे. १९८१ च्या अ‍ॅशेसमध्ये, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सिरीजमध्ये, ऑलराउंडर बोथमनं कप्तानपद सोडलं आणि हेडिंग्लेला ब्रिअर्ली परत कप्तान झाला. बोथमच्या रनअपमध्ये एक वेडंवाकडं वळण आलं होतं, तो सरळ न येता बाजूला पाय टाकत यायचा. आता तत्त्वज्ञानाचा मास्तर काय करेल? त्यानं त्याला ‘साइडस्टेप क्वीन’ म्हणून चिडवायला सुरुवात केली. स्वतःच्याच बोलरला! बोथमनं त्या इनिंगमध्ये ६ विकेट काढल्या, पुढे फॉलोऑननंतर नाबाद १४९ ठोकले, आणि इंग्लंडनं ती हरलेली मॅच १८ रन्सनी मारली. चिडवण्यानं जिंकले असं मी म्हणत नाहीये, फास्ट बोलर विलिसनं शेवटी ८ विकेट काढल्या त्याचं काय मग. पण प्लेटो वाचलेल्या माणसानं प्लेटो बाहेर काढला नाही, गल्लीतला शब्द काढला, कारण कुणासमोर कुठला शब्द चालतो ते त्याला बरोब्बर कळत होतं.

जुन्या किश्शांची एक गोची आहे. ते सगळे नंतर जेवणाच्या टेबलावर, भाषणात, आत्मचरित्रात घासूनपुसून आलेत, प्रत्येक वेळी सांगताना उत्तर अजून थोडं चुरचुरीत होत गेलंय. स्टंपमध्ये बसवलेल्या माइकनं, म्हणजे स्टंप माइकनं, ही मजा घालवली, किंवा खरी मजा आणली म्हणा. २०१८ च्या अखेरीस तर आयसीसीनं, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संघटनेनं, चॅनलवाल्यांना स्टंप माइक कधीही ऐकवायची मोकळीक दिली, आणि लगेच डिसेंबरात मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट आली.

ती जरा नीट बघू, कारण आजच्या विषयाचं सगळं तिथंच आहे. ऋषभ पंत बॅटिंगला, मागे ऑस्ट्रेलियाचा कीपर आणि कप्तान टिम पेन. पेन मस्त निवांत सुरू झाला, धोनी परत आलाय वनडेला (पंतही कीपर, धोनीही कीपर), मग या पोराला होबार्टला खेळायला घ्या, छान शहर आहे, पाण्यासमोर फ्लॅट देऊ, आणि मग हळूच, मुलं सांभाळशील का रे, मी बायकोला घेऊन पिक्चरला जाईन. मला विचाराल तर हे उच्च दर्जाचं काम आहे, एक शिवी नाही, आवाज चढलेला नाही, आणि सगळं एकाच जागी नेऊन ठेवलं की तुझी टीममधली जागा पक्की नाही. पुढे पेन बॅटिंगला आला तेव्हा पंत कीपिंग करत होता आणि तो मयंक अग्रवालला विचारतो, तू कधी टेम्पररी कॅप्टन ऐकलायस का? खेळ खल्लास! २१ वर्षांचं रुडकीचं पोरगं, इंग्रजी काही केंब्रिजची नाही, पण शब्द काय शोधलाय. त्याच वर्षी मार्चमध्ये केपटाऊनचं सँडपेपरनं बॉल घासायचं प्रकरण झालं, तेव्हाचा कप्तान स्मिथवर बंदी आली आणि म्हणून पेन कप्तान झाला, हे अख्ख्या जगाला माहीत होतं आणि पेनला तर सगळ्यात जास्त. आपल्याकडे टेम्पररी आणि पर्मनंट यातला फरक नोकरीवाल्या घरात शेंबड्या पोरालाही कळतो, त्यामुळे मला तरी तो शब्द इंग्रजी वाटलाच नाही, एकदम ऑफिसातला वाटला. बाकी पुढे नववर्षाला पंतनं पेनच्या लेकराला कडेवर घेऊन फोटो काढला, पेनच्या बायकोनंच तो टाकला, म्हणजे मुलं सांभाळायचं कामही पोरानं करून दाखवलं.

याच पेनची दोन वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला काय गत झाली बघा. भारताची बॅटिंग, विहारीची मांडी दुखावलेली, अश्विनची पाठ धरलेली, दोघं चिकटून उभे, विहारी तर १६१ बॉल खेळून २३ वर नाबाद. ऑस्ट्रेलियाला विकेट मिळेना. पेन म्हणाला, तुला गॅबावर (पुढच्या टेस्टचं ब्रिस्बेनचं मैदान) न्यायची वाट बघतोय अ‍ॅश. अश्विन हा बी.टेक. झालेला माणूस, उत्तरात गणित मांडल्यासारखं बोलला, आम्हीपण तुला इंडियात न्यायची वाट बघतोय, ती तुझी शेवटची सिरीज असेल. यावर पेनकडे वाक्य उरलं नाही, मग शिवी आली, आणि थोड्याच वेळात त्याच्या हातून विहारीचा कॅच सुटला. त्या दिवशीचा त्याचा तिसरा. बॅट्समनच्या डोक्यात घालायला आणलेला किडा कीपरच्याच डोक्यात शिरला. मॅच ड्रॉ झाली, पेननं दुसऱ्या दिवशी जाहीर माफी मागितली, आणि गॅबाची टेस्ट भारतानं जिंकली ते तुम्हाला पाठच असेल.

आता कुणीतरी विचारेलच की भारी शब्द कधीच लागत नाही का. लागतो, एक उदाहरण आपल्या घरचंच आहे. २०१९ वर्ल्ड कपच्या वेळी कॉमेंटेटर संजय मांजरेकर म्हणाले की जडेजा वनडेत ‘बिट्स अँड पीसेस’ खेळाडू आहे, म्हणजे सगळं थोडंथोडं येणारा. जडेजानं ट्वीट करून त्यांच्या बोलण्याला ‘वर्बल डायरिया’ म्हटलं. डॉक्टरी शब्द, पण गंमत त्या शब्दात नव्हती, सेमी फायनलला त्यानं ५९ बॉलमध्ये ७७ केले तेव्हा तो शब्द वसूल झाला. मॅच हरलो ते सोडा. मांजरेकरांनीही नंतर मोकळेपणानं मान्य केलं की पोरानं मला फाडलं, हे मला आवडलं, मुंबईच्या कट्ट्यावर वाढलेल्या माणसाला हार मानताना बघायला मिळत नाही रोज.

आणि शेवटी आपला ओपनर यशस्वी जयस्वाल, कारण प्रश्न त्याच्याबद्दलच जास्त आलेत चिठ्ठ्यांवर. २०२२ च्या दुलीप ट्रॉफी फायनलला, कोइंबतूरला, याची बडबड थांबेना, अंपायरनी समज दिली, तेव्हा कप्तान असलेल्या आपल्या अजिंक्य रहाणेनं स्वतःच्याच टीमच्या पोराला मैदानाबाहेर पाठवलं, आणि त्या मॅचमध्ये या पोरानं २६५ केले होते बरं का. मला ते रहाणेचं वागणं फार आवडतं, एक शब्द जास्त बोलला नाही. मग नोव्हेंबर २०२४, पर्थ. जयस्वाल ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर मिचेल स्टार्कला तोंडावर म्हणतो, बॉल फार स्लो येतोय. स्टार्कला स्लो! आणि १६१ करून दाखवतो. शब्द पहिलीतल्या पोराचा, पण फास्ट बोलरला लागेल असा दुसरा नाही. स्टार्क काही फार बोलला नाही. पुढची टेस्ट अ‍ॅडलेडला, पिंक बॉल, मॅचचा पहिलाच बॉल स्टार्कचा, समोर जयस्वाल, एलबीडब्ल्यू.