नवव्या मजल्याचं दार

२५ मार्च १९११, शनिवार, न्यूयॉर्क. पावणेपाच वाजत आलेत, सुट्टीची वेळ, मुली कोट घालतायत, आणि बायकांचे ब्लाऊज शिवणाऱ्या ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या आठव्या मजल्यावर चिंध्यांची पेटी पेट घेते. दहाव्यावर मालक, त्यांना फोन गेला आणि ते गच्चीवरून शेजारच्या बिल्डिंगमध्ये सटकले, पण नवव्या मजल्याला कुणी सांगितलंच नाही. तिथलं एक दार कुलूपबंद. का तर मुलींनी कापड चोरून नेऊ नये, सगळ्यांनी एकाच दारातून पर्स उघडून दाखवत घरी जायचं! बंब लगेच आले हो, पण शिडी पोचली फक्त सहाव्या मजल्यापर्यंत. १४६ माणसं गेली, बहुतेक ज्यू आणि इटालियन पोरी, काही तर १४ वर्षांच्या.

सगळे म्हणतात आगीमुळे कायदे बदलले. मला हे अर्धंच पटतं, कारण १९०९ च्या नोव्हेंबरात याच शहरातल्या शिलाई कामगार मुली रस्त्यावर उतरल्या होत्या. सभेत पुढाऱ्यांची भाषणं संपेचनात, तेव्हा क्लारा लेमलिच नावाची २३ वर्षांची पोरगी उठली आणि यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, म्हणाली की बोलणं पुरे, आता संप करा. वीस हजार जणी बाहेर पडल्या, मार खाल्ला, अटक झाली, बऱ्याच कंपन्यांनी शेवटी युनियन मानली, ट्रँगलने नाहीच मानली.

आग लागली तेव्हा कामगारांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स जवळच एका घरी चहाला आल्या होत्या. धावत आल्या आणि खिडक्यांतून उड्या मारणाऱ्या मुली स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. मग राज्याने चौकशी आयोग नेमला, पर्किन्सबाई पुढाऱ्यांना थेट कारखान्यांत नेऊन सगळं दाखवायच्या, आणि त्यातून कामगारांसाठी तीसहून जास्त कायदे झाले. पुढे १९३३ मध्ये बाई देशाच्या कामगार मंत्री झाल्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई.

मालकांचं काय झालं? निर्दोष सुटले. नंतरच्या दाव्यात तडजोड झाली, एका जिवाचे ७५ डॉलर. आणि १९१३ मध्ये त्यातला एक, मॅक्स ब्लँक, पुन्हा कामाच्या वेळेत दाराला कुलूप लावताना सापडला. दंड किती, तर २० डॉलर!

ती बिल्डिंग अजून उभी आहे, आत आता युनिव्हर्सिटीच्या लॅब आहेत. दर २५ मार्चला लोक शहरभर फिरतात आणि गेलेली मुलगी जिथे राहायची त्या घरासमोर फुटपाथवर खडूने तिचं नाव आणि वय लिहितात.