सरासरीत न बसणारा संघ

(दृश्य : पहाटेचा अजिंक्यतारा. पायथ्याशी गोडोलीतले दिवे एकेक करून मालवत आहेत. एका खिडकीत मोबाइलचा उजेड.)

एप्रिल महिन्यात साताऱ्यात सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. हिवाळ्यात तिकडची घड्याळे तासाभराने मागे घेतली जातात आणि तोच सामना आपल्याकडे साडेआठला सुरू होतो. ज्याला दहाच्या ठोक्याला बँकेत हजर व्हायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा एक तास फार मोलाचा असतो. आज सॅन फ्रान्सिस्कोत खेळणाऱ्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाचा मी २०१४-१५ च्या हंगामापासून चाहता आहे, आणि तेव्हापासून माझ्या सकाळी या हिशेबावर चालत आल्या आहेत.

ही गोष्ट त्या संघाच्या २०२४-२५ च्या हंगामाची आहे. ८२ सामने, ४८ विजय, ३४ पराभव आणि एनबीए या अमेरिकी साखळीच्या पश्चिम विभागात सातवे स्थान, एवढेच तक्ता सांगतो. तो वाचणाऱ्याला वाटेल, की हा एक बऱ्यापैकी, मध्यम वकुबाचा संघ असावा. ज्याने ते सामने पाहिले त्याला मात्र त्यात मध्यम असे काहीही आढळले नाही.

(दृश्य : माण तालुक्यातील उघडे माळरान. पत्र्याचे पर्जन्यमापक. जुनी, कडा दुमडलेली वही.)

आमचे मूळ गाव म्हसवडच्या बाजूला आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, कित्येक वर्षे पावसाची नोंद स्वतःच्या हाताने ठेवत आले आहेत. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माणमध्ये तो कसाबसा पाचशेच्या आसपास पोहोचतो. या दोन्ही आकड्यांची बेरीज करून कोणी जिल्ह्याची सरासरी सांगू लागला, की अण्णा चिडतात. "सरासरी काढणाऱ्याला म्हणावं, एकदा इकडं येऊन पेरणी कर," एवढेच ते म्हणतात. वॉरियर्सचे गुणपत्रक पाहताना मला नेहमी हे वाक्य आठवते, कारण त्या हंगामाचे पहिले १५ सामने महाबळेश्वरातले होते आणि पुढचे ३६ माणमधले.

सुरुवातीला संघ १२ जिंकून ३ हरला होता. त्यानंतर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याने १३ जिंकले आणि २३ गमावले. मधल्या काळात, १९ डिसेंबरला, मेम्फिसच्या संघाने त्याला १४४-९३ असे, म्हणजे ५१ गुणांनी, हरवले. जगातला सर्वांत मोठा नेमबाज म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते, त्या स्टीफन करीला त्या रात्री एकही बास्केट करता आली नाही. मी ते आकडे वहीत लिहिले आणि काही वेळ तसाच बसून राहिलो.

होय, वही मीसुद्धा ठेवतो. ही खोड अण्णांकडूनच आलेली असावी. माझ्या वहीत तारीख, धावफलक आणि तिसरा एक रकाना असतो, ज्यात संघ कसा हरला किंवा कसा जिंकला ते एका ओळीत लिहिलेले असते. क्रिकेटची सवय असल्यामुळे मी अजूनही गुणफलकाला धावफलकच म्हणतो, आणि तो शब्द आता बदलण्याची माझी इच्छा नाही. जो संघ नेहमी जिंकतो किंवा नेहमी हरतो, त्याच्या चाहत्याला या तिसऱ्या रकान्याची गरज पडत नसावी. बेभरवशाच्या संघाच्या चाहत्याचे सगळे लक्ष मात्र तिथेच खिळलेले असते, कारण उद्या काय होईल याचा थोडाफार सुगावा लागलाच, तर तो त्याच रकान्यात लागतो.

साताऱ्याला खेळाचे वावडे कधीच नव्हते. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच जिल्ह्यातील गोळेश्वरचे. २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याचीच. तिरंदाजी हा खेळ मला माझ्या संघाच्या नेमका उलट वाटतो. तिथे तीच उभी राहण्याची पद्धत, तोच श्वास आणि तीच ओढ शंभर वेळा जशीच्या तशी करावी लागते. माझ्या संघाला दुसऱ्याच दिवशी तीच गोष्ट पुन्हा करून दाखवणे जमत नव्हते.

याचे कारण काय, हे शोधण्यात माझा तो हिवाळा गेला. कारण काही अंशी खेळण्याच्या पद्धतीतच दडलेले होते. वॉरियर्स एका सामन्यात चाळीसच्या वर थ्री पॉइंटर मारत असत. लांबच्या कमानीबाहेरून मारलेला शॉट तीन गुण देतो खरा, परंतु चांगल्या संघाचेही तिनातले साधारण दोन शॉट हुकतात. समजा, ४२ शॉट मारले आणि त्यांतले १८ आत गेले, तर ५४ गुण होतात. तेच खेळाडू, तीच मोकळी जागा आणि तेवढेच ४२ शॉट असूनही आत फक्त ११ गेले, तर ३३ गुण होतात. खेळात डोळ्यांना दिसण्याजोगा काहीही फरक न पडता २१ गुण गायब होतात. ज्या संघाची सारी मदार अशा शॉटवर आहे, तो संघ मंगळवारी जगज्जेता आणि गुरुवारी गल्लीतला दिसणार, यात नवल ते काय? अशा वाईट दिवशी टिकून राहण्यासाठी दुसरे काहीतरी लागते. रिंगजवळ घुसून फाउल मिळवणारा, त्याबद्दल मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या शॉटसाठी फ्री थ्रोच्या रेषेवर शांतपणे उभा राहून दोन-दोन गुण गोळा करणारा आणि चेंडू फुकट न घालवणारा खेळाडू लागतो. वॉरियर्सकडे तो नव्हता.

(दृश्य : रिकामे सिमेंटचे कोर्ट. फ्री थ्रोची पुसट झालेली पांढरी रेषा.)

फेब्रुवारीत तो आला. जिमी बटलर हा वयाने पस्तिशीचा, स्वभावाने हट्टी आणि आपल्या आधीच्या संघाशी उघड भांडण मांडून बसलेला खेळाडू होता. जानेवारीच्या एका महिन्यात मायामीने त्याला तीन वेळा निलंबित केले होते. त्याच्या बदल्यात अँड्र्यू विगिन्ससारखा २०२२ च्या विजेतेपदातला मोलाचा गडी द्यावा लागला. मला हा सौदा मुळीच पटला नव्हता, आणि ६ फेब्रुवारीच्या पानावर मी तसे लिहूनही ठेवले आहे. ते पान मी फाडलेले नाही.

त्या दिवशी संघ २५ विजय आणि २६ पराभवांवर होता. बटलर ८ फेब्रुवारीला शिकागोत पहिल्यांदा खेळला आणि तिथपासून हंगाम संपेपर्यंत संघाने २३ सामने जिंकले आणि ८ गमावले. थ्री पॉइंटर तेव्हाही हुकत होते, पण ते हुकले तरी सामना हातचा जात नव्हता. धुळवडीच्या सुट्टीच्या सकाळी करीने कारकिर्दीतला चार हजारावा थ्री पॉइंटर मारला, जो त्याच्याआधी कोणीही मारलेला नव्हता, आणि त्या दिवशी माझ्या तिसऱ्या रकान्यात कितीतरी आठवड्यांनी 'निवांत' हा शब्द आला.

त्यानंतर एप्रिल आला. प्लेऑफसाठी, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांसाठी, प्रत्येक विभागातले पहिले सहा संघ थेट पात्र ठरतात आणि सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना आधी प्ले-इनची परीक्षा द्यावी लागते. हे प्ले-इन वॉरियर्सच्या चाहत्यांना चांगलेच ठाऊक आहे. २०२१ साली संघ त्यातले दोन्ही सामने हरला. २०२४ साली सॅक्रामेंटोने ११८-९४ असे बाहेर काढले तेव्हा क्ले थॉम्पसनचे दहाच्या दहा शॉट हुकले, आणि तेरा वर्षांच्या सोबतीनंतर तोच त्याचा या संघाकडून शेवटचा सामना ठरला. त्यामुळे सहावा क्रमांक आणि सातवा क्रमांक यांत तक्त्यावर जेमतेम एका ओळीचे अंतर असले, तरी माझ्या लेखी मध्ये दरी होती.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला मेम्फिसमध्ये करीने ५२ गुण काढले. मग लेकर्स हरले, मग डेन्व्हर हरले. मी मनातल्या मनात चौथ्या क्रमांकाची गणिते मांडू लागलो. लगेच ६ एप्रिलला ह्यूस्टनने करीला सबंध सामन्यात तीन गुणांवर रोखले. ८ तारखेला फिनिक्सचा ३८ गुणांनी फडशा पडला, आणि ९ तारखेला घरच्या मैदानावर, ज्या सॅन अँटोनिओला त्या हंगामात मिळवण्यासारखे काहीही उरले नव्हते, त्यांच्याविरुद्ध शेवटच्या क्षणी हॅरिसन बार्न्सच्या हातून सुटलेला चेंडू आत गेला. ११४-१११. हाच बार्न्स २०१५ साली वॉरियर्सच्या विजेत्या संघात होता. आपल्याकडे ती महावीर जयंतीच्या सुट्टीची सकाळ होती. आईने चहा आणून ठेवला, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "सुट्टी असून असा काय बसलायस रे?" पराभवाचे कारण मला वहीत लिहिता आले, आईला सांगता आले नाही.

(दृश्य : मध्यरात्रीचे सातारा शहर. निळे झेंडे, रोषणाई, फटाक्यांचा धूर.)

साखळीतला शेवटचा सामना १३ एप्रिलला दुपारी होता, म्हणजे आपल्याकडे १४ एप्रिलच्या रात्री एक वाजता. ती आंबेडकर जयंतीची रात्र होती. ज्या शहरात बाबासाहेबांचे नाव १९०० साली इंग्रजी शाळेच्या पटावर नोंदले गेले, त्या शहरात ही रात्र झोपण्यासाठी नसतेच. बाहेर बाराच्या ठोक्याला सुरू झालेले फटाके अजून वाजत होते आणि आत मी क्लिपर्सविरुद्धचा सामना पाहत होतो. जिंकल्यास थेट पहिल्या सहांत आणि हरल्यास प्ले-इन, असा सरळ हिशेब होता. सामना जादा वेळेत गेला. करीचे ३६ आणि बटलरचे ३० गुण होऊनही संघ १२४-११९ असा हरला. माझ्या तिसऱ्या रकान्यात मात्र त्या रात्री 'चांगले हरले' असे शब्द आहेत. डिसेंबरातल्या ५१ गुणांच्या पराभवाला आणि या पराभवाला गुणतक्ता एकच खूण देतो. मी ती देऊ शकलो नाही. हा संघ प्ले-इनमधून पार होईल असे मला त्याच रात्री वाटले, आणि त्या भाकिताचा मला थोडा अभिमान आहे, कारण माझी इतर भाकिते कशी असतात ते ६ फेब्रुवारीच्या पानावर आहेच.

बुधवारी, १६ एप्रिलला, मेम्फिसविरुद्धचा प्ले-इन सामना आपल्याकडे साडेसातला सुरू झाला. मोठी आघाडी घ्यायची आणि ती हातातून घालवायची, हा जुना रोग पुन्हा दिसू लागला, तेव्हा घरातून निघण्याची वेळ झाली होती. शेवटची मिनिटे मी पोवई नाक्याजवळ गाडी रस्त्याच्या कडेला लावून, हेल्मेट न काढता पाहिली. बटलर ३८, करी ३७, संघ १२१-११६ ने विजयी. बँकेत माझ्या नावापुढे उशिराची नोंद झाली. ती योग्यच होती.

पुढे सातपैकी चार सामने आधी जिंकणारा संघ पुढे जातो. पहिल्या फेरीत दुसऱ्या क्रमांकाच्या ह्यूस्टनविरुद्ध संघाने ३-१ अशी आघाडी घेतली आणि मग, आपल्या स्वभावाला जागून, पुढचे दोन सामने गमावले. सातवा आणि निर्णायक सामना ५ मे रोजी, सोमवारी सकाळी सहाला होता. त्याच दिवशी दुपारी एकला बारावीचा निकाल होता आणि माझा पुतण्या रात्रभर जागा असल्यामुळे माझ्या शेजारी येऊन बसला. आमच्या बडी हील्डने थ्री पॉइंटरमागून थ्री पॉइंटर मारत ३३ गुण केले. ११ पैकी ९ आत गेले. संपूर्ण हंगाम ज्या शॉटने आम्हाला आशेवर झुलवले होते, त्यानेच ती मालिका १०३-८९ अशी जिंकून दिली. "काका, हे रोज असंच का नाही मारत?" पुतण्याने विचारले. मी त्याला ४२ शॉटांचे गणित समजावू लागलो. त्याचे लक्ष घड्याळाकडे होते.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवण्यासारखे नाही. दुसऱ्या फेरीतला मिनेसोटाविरुद्धचा पहिला सामना आपल्याकडे ७ मेच्या सकाळी होता. 'ऑपरेशन सिंदूर'ची बातमी आलेली होती, घरातला टीव्ही साहजिकच तिकडे लागलेला होता आणि मी एका कोपऱ्यात आवाज बंद करून मोबाइलवर सामना पाहत होतो. दुसऱ्या सत्रात करीने मांडीमागचा स्नायू धरला आणि तो आत गेला. संघाने तो सामना जिंकला, पण करी त्या मालिकेत परतलाच नाही आणि उरलेले चारही सामने हातचे गेले. १५ मेच्या पानावर १२१-११० एवढा धावफलक आहे. तिसऱ्या रकान्यात काही लिहिलेले नाही.

(दृश्य : पुन्हा माण. ओलसर काळी पडलेली माती. ओढ्याच्या पाण्याचा आवाज.)

मेच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा या भागात धुळीशिवाय काही उडत नाही, तेव्हा फलटण आणि माणकडे पाऊस धो धो कोसळला. अण्णांचा फोन आला. पत्र्याचे भांडे काठोकाठ भरून वाहून गेले होते, त्यामुळे नेमका किती पाऊस झाला हे मोजता आले नव्हते, आणि याचेच त्यांना वाईट वाटत होते. मग त्यांनी विचारले, "तुझ्या त्या पोरांचं काय झालं?"

"हरले, अण्णा. दुसऱ्या फेरीत."

"वही ठेवलीयस ना?"

"ठेवलीय."

"मग ऑक्टोबरला बघू," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि भांडे रिकामे करायला गेले.