मूठभर मोरचूद आणि रंकाळ्याचं पाणी

[दृश्य: करवीर तालुक्यातलं एक शेततळं. काठावर ठिबकचा फिल्टर उघडून ठेवलाय, जाळी हिरवीगार.]

मार्च उजाडला की शेततळ्यांचं हे असं होतंय बघा. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं, पाणी साचलेलं, ऊन कडक, आणि वरनं शेवाळ धरायला लागतं. मग ते शेवाळ ओढलं जातंय मोटरीत, फिल्टरची जाळी तुंबते, उसाला पाणी पोचत नाही आणि माणूस दिवसभर जाळी धूत बसतो. यावर आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक असलेलं औषध एकच, मोरचूद. म्हणजे कॉपर सल्फेट, तेच निळे खडे, द्राक्षवाले बुरशीवरच्या बोर्डो मिश्रणाला वापरतात ते.

"किती टाकता मामा?"

"आता मापून कोण टाकतंय? एक पुडकं फोडायचं आणि चारी बाजूनं शिंपडायचं."

"मासे सोडलेत काय?"

"सोडलेत की, कटला हाय. मागं पावसाळ्यात टाकलं तवा थोडं मेलं, उन्हाळ्यात कायबी झालं न्हाई."

पावसाळ्यात मेले आणि उन्हाळ्यात त्याच पुडक्यानं काहीच झालं नाही, असं का, तर सगळी गंमत इथंच आहे. पण आधी पाणी किती आहे ते बघूया, कारण तिथंच पहिला घोटाळा होतो.

[दृश्य: काठावर टेप धरून माप घेताना.]

तळं वर ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. कुणी पण सरळ गुणाकार करणार, २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर. पण तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, तळाला ते २४ बाय २४ च भरतंय, त्यामुळं खरं पाणी साधारण २,१९६ घनमीटर, बावीस लाख लिटरच्या आत. आणि हे झालं तळं काठोकाठ भरल्यावर. उन्हाळ्यात पाणी निम्म्या उंचीवर आलं, दीड मीटर राहिलं, की आपल्याला वाटतं अकरा लाख लिटर असेल. नाही. उतारामुळं खाली जागा कमी, फक्त पावणेदहा लाख लिटर. आता औषधाचा हिशोब लिटरला मिलिग्रॅममध्ये असतो, एक मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. एक मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर या पाण्याला एक किलोला थोडं कमीच मोरचूद लागतं. ज्यानं सरळ गुणाकार करून पावणेतीन किलो टाकलं त्यानं जवळजवळ तिप्पट टाकलं, आणि त्याला पत्ताही नाही.

आता पावसाळ्याचं कोडं. तांबं पाण्यात किती काम करणार हे त्या पाण्याच्या अल्कलिनिटीवर, म्हणजे ॲसिड पचवायच्या ताकदीवर, ठरतंय. बोअरचं, काळ्या रानातल्या विहिरीचं पाणी क्षाराचं असतं, त्यातला कार्बोनेट तांब्याला धरतो आणि खाली बसवतो, औषध वाया. पावसाचं पाणी उलट, त्यात क्षार जवळपास नसतोच, सगळं तांबं मोकळं राहतं आणि थेट माशाच्या कल्ल्यावर जातं. तळं तेच, पुडकं तेच, पण ऑगस्टमधलं पाणी आणि एप्रिलमधलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत.

[दृश्य: काचेचा फ्लास्क, नारिंगी होत जाणारं पाणी, जवळून.]

ही टेस्ट अवघड नाही. शंभर मिली पाणी घ्यायचं, मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब टाकायचे, पिवळं दिसतं. वरनं ब्युरेटमधून, म्हणजे मिलीच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतनं, सौम्य ॲसिड थेंब थेंब सोडत जायचं, हळूहळू हलवत, आणि पिवळा जाऊन नारिंगी आला की थांबायचं, एक थेंब जास्त गेला की गुलाबी होतं आणि परत पहिल्यापासून. एन बाय ५० ताकदीचं ॲसिड असलं तर लागलेल्या प्रत्येक मिलीला दहा मोजायचं. पंधरा मिली लागलं तर अल्कलिनिटी १५०. माशांच्या तळ्यासाठी जुना नियम असा की अल्कलिनिटीला शंभरनं भागायचं, तो मोरचूदाचा मिलिग्रॅममध्ये डोस, म्हणजे इथं दीड. ५० च्या खाली आली तर मासे असलेल्या तळ्यात मोरचूद टाकायचंच नाही. २५० च्या वर गेली तर टाकून उपयोग नाही, पैसे तळाला जाऊन बसणार. हे सगळं शेतीच्या नाहीतर माशांच्या तळ्याचं चाललंय हां, पिण्याच्या पाण्यात हे घरच्या घरी करायचं काम नव्हे.

आणि टाकायचं ते प्लास्टिकच्या बादलीत विरघळवून. लोखंडी नाहीतर जस्ती बादलीत तांबं बादलीवरच चढतं, बोर्डो करणाऱ्यांना हे सांगायला नको, ते चाकूचं पातं बुडवून तांबूस होतंय का बघतातच.

अजून एक. सगळ्या तळ्यात एकदम टाकायचं नाही. शेवाळ मेलं की कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. रात्री आधीच ऑक्सिजन उतरत असतो आणि पहाटे सगळ्यात कमी, म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. औषधानं नाही मेले तर असे मरतात. म्हणून आधी निम्मं तळं, मग आठ-दहा दिवस थांबून राहिलेलं. टाकायची वेळ सकाळची, ऊन असताना.

[दृश्य: रंकाळा. मागं शालिनी पॅलेस. संध्याकाळची गर्दी, भेळेच्या गाड्या.]

आता हाच हिशोब मोठा करून बघूया. शंभर हेक्टरचा तलाव, सरासरी तीन मीटर पाणी धरलं, तर तीनशे कोटी लिटर. त्यात एक मिलिग्रॅम मोरचूद म्हणजे तीन टन. आणि कागदावर कुणी 'एक मिलिग्रॅम कॉपर' असं लिहिलं असलं तर बारा टन, कारण मोरचुदात तांबं फक्त पाव हिस्सा, बाकी सल्फेट आणि पाणी. एका शब्दानं चौपट फरक पडतो, आणि असले शब्द टेंडरमध्ये सर्रास राहून जातात.

पूर्वी परदेशात पोत्यात खडे भरून पोतं बोटीमागं ओढत न्यायचे, विरघळलं तिथं विरघळलं. आता बोटीवर जीपीएस असतंय, खोली मोजायचं यंत्र असतंय, जिथं पाणी उथळ तिथं पंप आपोआप कमी सोडतो. अमेरिकेत हायड्रिला नावाच्या पाण्यातल्या तणासाठी फ्लुरिडोन नावाचं औषध वापरतात, ते तर अब्जात पाच-दहा-वीस भाग एवढंच, पण ते दीड-दोन-तीन महिने पाण्यात टिकवून धरायला लागतं, म्हणून मधे मधे पाण्याचे नमुने काढून थोडं थोडं वाढवत राहतात. ही हायड्रिला आपल्याकडचीच, मत्स्यालयाच्या धंद्यातनं तिकडं फ्लोरिडात पोचली. आणि दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी आपल्याकडं आली, म्हणजे आपलं केंदाळ. फिट्टंफाट.

[दृश्य: पंचगंगेचा काठ, केंदाळाचा थर, जांभळी फुलं.]

केंदाळावर तणनाशक फवारा अशी मागणी दरवर्षी कुणीतरी करतंच. फवारलं तर पानं करपतात, मान्य. पण एवढा हिरवा पाला पाण्यातच बुडतो, तिथंच कुजतो, ऑक्सिजन खातो आणि त्यानं शोषलेला फॉस्फरस परत पाण्यात सोडतो. बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. पंचगंगेत उन्हाळ्यात मासे तरंगल्याच्या बातम्या तशाही येतात, त्यात ही भर कशाला? माझं मत स्पष्ट आहे, केंदाळ मशीननं नाहीतर माणसं लावून बाहेरच काढायचं, औषध लावलंच तर ओढून झाल्यावर उरलेल्या तुकड्यांना.

तांब्याचंही तेच. १९०४ साली अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी शेवाळावर मोरचुदाचा उपाय मांडला, स्वस्त होता, लोकांनी डोक्यावर घेतला. मिनेसोटातल्या फेअरमाँटच्या तलावांत ५८ वर्षं टाकत राहिले. झालं काय, तांबं गाळात साचत गेलं, ऑक्सिजन कमी होत गेला, आणि शेवाळाच्या ज्या जाती तांब्याला दाद देत नाहीत त्या वाढल्या. शिवाय निळं-हिरवं शेवाळ, मायक्रोसिस्टिससारखं, तांब्यानं फुटतं तेव्हा त्याच्या पोटातलं विष एकदम पाण्यात उतरतं.

मग दुसरा रस्ता म्हणजे शेवाळाचं खाणंच तोडायचं. त्याला लागते तुरटी.

[दृश्य: ओळीत सहा बीकर, पाती फिरतायत, गढूळ पाणी.]

तुरटी फॉस्फरसला धरून तळाला बसवते. डोस ठरतो जार टेस्टवर, पाणी शुद्धीकरण केंद्रात रोज करतात तीच. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम तुरटीचं द्रावण करायचं, मग त्याचा एक मिली लिटरभर नमुन्यात टाकला की दहा मिलिग्रॅम झाला. सहा बीकरमध्ये दहा, वीस, तीस असं चढवत जायचं, आधी जोरात ढवळायचं, मग सावकाश, मग बंद करून बघत बसायचं. एका बीकरमध्ये कापसासारखे गोळे धरतात आणि भराभर खाली जातात, तो डोस. जास्त टाकली म्हणून जास्त स्वच्छ होत नाही. दर मिलिग्रॅम तुरटीमागं अल्कलिनिटी साधारण अर्धा मिलिग्रॅम कमी होते, पावसाच्या पाण्यात बेतानं घेतलं नाही तर पाणी आंबट होतं आणि मग चुना टाकत बसा.

पण रंकाळ्याचं दुखणं वर्षानुवर्षं माहीत आहे, नाल्यांतनं येणारं सांडपाणी. हिशोब करून बघा, रोज दहा लाख लिटर सांडपाणी आलं आणि त्यात लिटरला पाच मिलिग्रॅम फॉस्फरस असला तर रोजचा पाच किलो. एक किलो फॉस्फरसवर साधारण पाचशे किलो ओलं शेवाळ पोसतं असं मानतात. म्हणजे रोजचं अडीच टन. तळ्यात टाकलेली तुरटी किती दिवस पुरणार?

फ्लोरिडातल्या टॅलहॅसी गावात लेक एला नावाचं लहान तळं आहे, तिथं १९८७ मध्ये पावसाचं वाहून येणारं पाणी तळ्यात शिरायच्या आधी पाइपातच तुरटी सोडायला सुरुवात केली. पाइपावर फ्लोमीटर बसवला, पाणी जास्त आलं की पंप जास्त सोडणार, कमी आलं की कमी. आपल्या नाल्याच्या तोंडाशी असं करता येण्यासारखं आहे, अर्थात आधी मैला ड्रेनेजला वळवून, मग उरलेल्या पाण्याला. डोसिंग पंप आता महाग राहिला नाही, मेजरिंग सिलिंडर धरून मिनिटाला किती मिली सोडतोय ते महिन्यातनं एकदा तपासलं की झालं. फक्त तुरटीनं खाली बसलेला गाळ साठवायला नाल्यापाशी खड्डा लागतो, आणि तो गाळ दरवर्षी कोण काढणार, कुठं टाकणार, ते पंपाच्या टेंडरमध्येच लिहून घ्यायला लागतंय.