कळा घड्याळ बघून येत नाहीत

(मालवण तालुक्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत, प्रसूती परिचर्या शिकवणाऱ्या निवृत्त प्राध्यापिकेने केलेले भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'नर्सिंगची पदवी : प्रवेश, अभ्यासक्रम आणि संधी'. बारावीची मुलं-मुली आली आहेत, त्यांचे आईवडील आलेत, तेव्हा तो विषय मी घेणारच. पण संयोजकांचा फोन आला तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, की त्याआधी मला एक गोष्ट बोलायची आहे. ते म्हणाले, बोला की बाई, वेळ भरपूर आहे. म्हणून बोलते.

बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण झालं की मुलगी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करते. तिथे तिची नोंद दोन नात्यांनी होते, परिचारिका आणि प्रसाविका. आपल्याकडचा साधा शब्द वापरायचा तर सुईण. आपली मुलगी नर्स झाली हे घरादाराला माहीत असतं, वाडीत पेढे वाटले जातात. पण ती कायद्याने सुईणही झाली, हे कुणाच्या डोक्यात नसतं. आणि माझं दुखणं असं, की पुष्कळदा ते तिच्या स्वतःच्या मनातही नसतं. 'मॅडम, डिलिव्हरीला हात लावायचा धीर होत नाही,' असं मला पदवी हातात असलेल्या मुलींनी सांगितलंय. हुशार मुली, चांगल्या गुणांनी पास झालेल्या. हे का होतं, ते सांगते.

मी शिकवायचे त्या कॉलेजची बस होती. सकाळी मुलींना दवाखान्यात सोडायची आणि दुपारी दोनला परत न्यायची. पोस्टिंग, म्हणजे दवाखान्यात जाऊन शिकायची पाळी, बस ते बस. आता इथे बसलेल्या आयांना विचारते, तुमच्यापैकी किती जणींचं बाळंतपण सकाळी आठ ते दुपारी दोनच्या आत आटपलं? (सभागृहात हशा.) दोन-तीन हात वर आलेत. बाकीच्यांची लेकरं बसची वाट न बघता आली.

एकदा किनाऱ्यावरच्या एका वाडीतली पहिलटकरीण आली. पहाटेपासून कळा. सासू सोबत, हातात पेजेचा डबा. माझी सहाव्या सत्रातली एक विद्यार्थिनी तिच्यापाशी बसली. पोटावर, गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी तळवा ठेवायचा आणि घड्याळ बघत दहा मिनिटं गप्प बसायचं. पोट दगडासारखं घट्ट होतं, मग हळूहळू सैल पडतं. किती वेळा झालं, प्रत्येक वेळी किती सेकंद टिकलं, ते मोजायचं. यंत्र सांगू शकतं, पण हाताला कळणं वेगळं. कळ येतेय हे बाईच्या तोंडावर दिसायच्या आधी तळव्याला कळतं. त्या मुलीला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्याकडे वळून म्हणाली, 'मॅडम, आता येतेय बघा.' आणि आली. शिकवणाऱ्याला याहून दुसरं काय हवं?

पावणेदहाला सिस्टरने तपासलं तेव्हा गर्भाशयाचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलं होतं. मुलीने पार्टोग्राफ सुरू केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पार्टोग्राफ म्हणजे कळांचा आलेख. एका कागदावर सगळं : दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, दर अर्ध्या तासाला कळा, दर चार तासांनी तोंड किती उघडलं ते. त्यावर एक तिरकी रेघ छापलेली असते. तासाला १ सेंटीमीटर या वेगाने जाणारी, तिला सावधगिरीची रेघ म्हणतात. तिच्या उजवीकडे चार तासांवर दुसरी रेघ, कृतीची. आपला ठिपका पहिल्या रेघेच्या डावीकडे आहे तोवर सगळं ठीक.

पावणेदोनला पुन्हा तपासलं. ७ सेंटीमीटर. रेघेच्या हिशोबाने ८ हवे होते. ठिपका रेघेच्या उजवीकडे पडला. मुलीने पेन्सिल तशीच धरली आणि मला विचारलं, 'मॅडम, आता काय करायचं?'

मंडळी, अख्ख्या प्रसूतिशास्त्रात विद्यार्थिनीने विचारायचा एकच प्रश्न असेल, तर तो हा आहे. वाट बघायची? बाईला उठवून चालवायचं? लघवी झाली का बघायचं? कुशीवर वळवायचं? डॉक्टरांना बोलवायचं? की हे सगळं ठरावीक क्रमाने करायचं? आणि तेवढ्यात खाली बसचा हॉर्न वाजला. सगळ्या मुली बसमध्ये, ट्यूटरनेही त्यांच्यासोबतच परतायचं, असा नियम. त्या बाईने मुलीचा हात धरला होता. ती म्हणाली, 'तू खंय चल्लंस गो?' मुलीकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, की स्टाफ सिस्टरने मूत्राशय रिकामं करून घेतलं, बाईला थोडं चालवलं, सासूला आत घेतलं, दोन घोट पेज दिली. पाचच्या आत मुलगी झाली, टाकाही पडला नाही. माझ्या विद्यार्थिनीने सकाळपासून दुपारपर्यंतची नोंद उत्तम लिहिली होती. पण शेवट पाहिला नाही, म्हणून केसबुकात, म्हणजे तिने केलेल्या बाळंतपणांच्या नोंदवहीत, तिची ती केस धरली गेली नाही. मग केसबुक भरायचं कसं? एखादी डिलिव्हरी नेमकी पोस्टिंगच्या वेळात झाली, की टेबलाच्या पायाशी सात-आठ जणी जाऊन उभ्या राहतात. एकीचा हात, बाकीच्यांच्या माना. त्या आडव्या पडलेल्या बाईला काय वाटत असेल, याचाही विचार करा. पाहुणे बघायला यावेत तशी गर्दी, आणि त्यातली एकही ओळखीची नाही. रापणीचं जाळं ओढायला हात लावलेला माणूस दोर अर्ध्यावर सोडून घरी जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि इथे आम्ही मुलींना रोज दोर सोडायला शिकवत होतो.

पार्टोग्राफचा विषय निघालाच आहे तर त्याचं मूळ सांगते, कारण ते कोकणाला लागू पडतं. कळांचा आलेख काढायची कल्पना न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांची, १९५४ सालची. पण त्या रेघा आल्या १९७२ मध्ये, फिल्पॉट आणि कॅसल या दोघांकडून, आफ्रिकेतल्या तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत. का आल्या? तिथे लांबलांबच्या केंद्रांवर डॉक्टर नसत, सुईणी असत. मोठ्या दवाखान्यात कधी पाठवायचं हे त्यांना वेळेत कळावं, म्हणून ती रेघ. आता आपल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा विचार करा. जिल्हा रुग्णालय ओरोसला. मध्ये खाडी, वळणं, पावसात रस्त्यावर आलेली दरड. ठिपका रेघेच्या उजवीकडे सरकला म्हणजे १०८ ला फोन करायचा की थांबायचं, हे रात्री दीडला एका सिस्टरने ठरवायचं असतं. तेव्हा तिला विचारायला कुणी नसतं.

त्यातही पुढे भर पडली आहे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवा तक्ता काढला, लेबर केअर गाइड. तासाला १ सेंटीमीटर ही रेघ त्यांनी काढूनच टाकली, कारण निरोगी बाईही पुष्कळदा त्याहून सावकाश पुढे जाते. कळांची सक्रिय अवस्था आता ४ ऐवजी ५ सेंटीमीटरपासून धरतात, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी सवलत आहे. ५ ला ६ तास, ६ ला ५ तास, ७ ला ३ तास. म्हणजे आमच्या त्या पहिलटकरणीला नव्या तक्त्याप्रमाणे पावणेपाचपर्यंत वेळ होता. तक्ता पुस्तकात आहे, मुली तो पाठ करतात, परीक्षेत काढतातही. पण ३ तास थांबणं म्हणजे काय, बाळाचे ठोके ऐकत, बाईची पाठ चोळत, स्वतःची घालमेल तोंडावर न दिसू देता थांबणं म्हणजे काय, हे बसमध्ये बसून कसं कळणार?

आणखी एक. सतत कुणी सोबत असलेल्या बायकांची बाळंतपणं जास्त वेळा नैसर्गिक होतात, कळांचा वेळ थोडा कमी होतो, सिझेरियन कमी लागतात. हे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून तपासलेलं आहे. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने आपल्या सरकारी लेबर रूममध्येही सोबतीण असावी असं म्हटलंय. एक विद्यार्थिनी एका बाईपाशी शेवटपर्यंत बसली, तर ती शिकते आणि बाईचंही भलं होतं. यात कुणाचं नुकसान आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ब्रिटनमध्ये मिडवाइफरी ही वेगळीच पदवी आहे, साधारण तीन वर्षांची. नर्स न होता थेट सुईण होता येतं. तिथल्या विद्यार्थिनीला ४० बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करावी लागतात, आणि काही बायकांना गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत सांभाळायचा अनुभव घ्यावा लागतो. आपल्याला त्यांची नक्कल करायची नाही. पण बाईच्या मागे विद्यार्थिनी जाते, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आणि ती आपल्याकडे जास्त सोपी आहे. माझं गणित ऐका. नव्या अभ्यासक्रमात प्रसूती परिचर्या सहाव्या आणि सातव्या सत्रात आहे. दोन सत्रं म्हणजे साधारण वर्ष, आणि गरोदरपण नऊ महिन्यांचं. सहावं सत्र सुरू होताना प्रत्येक मुलीला जवळच्या आरोग्य केंद्रातल्या दोन-तीन गरोदर बायका नेमून द्या. आशाताईंना सगळ्या माहीत असतात. मुलगी दर तपासणीला त्यांच्यासोबत जाईल, पोट तपासेल, रक्तदाब लिहील, आणि कळा सुरू झाल्या की जाऊन बसेल, मग दिवस असो की रात्र. दुसऱ्या दिवशीचं लेक्चर तिला माफ.

कोकणात याची गरज आणखी एका कारणाने आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सून मुंबईला, नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला राहणारी, नाव तिथल्या दवाखान्यात घातलेलं. सातव्या-आठव्या महिन्यात गाडीत बसते आणि गावी येते. कधी कार्ड सोबत असतं, कधी रक्ताचा रिपोर्ट तिकडेच राहतो. ज्या मातेला पाचव्या महिन्यात रक्तदाब वाढला होता, तिचा तो कागद कपाटात आणि ती इथे लेबर रूममध्ये. आमच्या विद्यार्थिनीकडे गावी आल्या दिवसापासून ती बाई असेल, तर फोन करून तो रिपोर्ट मागवेल. एवढ्याने एखादीचे वाढलेल्या रक्तदाबातून येणारे झटके टळू शकतात. त्या झटक्यांवरचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, आपल्याकडे आहेच, पण ते लागूच नये अशी इच्छा आहे.

आईवडिलांची हरकत मला ठाऊक आहे. रात्री मुलगी दवाखान्यात कशी राहील? बरोबर आहे. म्हणून लेबर रूमला लागून एक खोली हवी, आतून कडी असलेली, दोन कॉट, न्हाणीघर, जेवणाचा डबा. आणि ट्यूटरलाही पाळी लावायची, तिला त्याचा भत्ता द्यायचा. नवी इमारत लागत नाही याला. मी हे लेखी दिलं होतं. उत्तर आलं, 'बसच्या वेळापत्रकात बदल शक्य नाही.' मी तर बसबद्दल काही मागितलंच नव्हतं.

... हो, हो. अध्यक्षांची चिठ्ठी आली. आज देवळात जत्रा आहे, दशावताराची मंडळी येऊन बसली आहेत, हॉल त्यांना रंगायला द्यायचाय. दहा मिनिटं. मग छापलेला विषय भराभर घेते, मुलांनो लिहून घ्या.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सत्रं. शेवटचं सत्र इंटर्नशिप. आपल्याकडची कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली, हे विद्यापीठ १९९८ चं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या गटाला या विषयांत ४५ टक्के, मागासवर्गीयांना सवलत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं. राज्याच्या सीईटी सेलची बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी असते, तिचा अर्ज वेळेत भरा, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले आत्ताच काढा. तहसीलमध्ये जून महिन्यात उभं राहायला जागा मिळत नाही. मुलगेही येऊ शकतात, आले पाहिजेत.

विज्ञान नसेल तर जी.एन.एम. आहे, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षांचं. ए.एन.एम., म्हणजे ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी, दोन वर्षांचं. जी.एन.एम. झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, म्हणजे वाट बंद होत नाही. आणि ज्यांना माझ्यासारखा या कामाचा ध्यास लागेल, त्यांच्यासाठी २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं आणली. नोंदणीकृत नर्सला १८ महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' होता येतं. निरोगी बाईचं बाळंतपण तिने तिच्या जबाबदारीवर करायचं, गरज पडली तर डॉक्टर. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा झाला, त्याच्या नावातच मिडवाइफरी आली आहे.

संधीचं काय सांगू? मुंबई आहे, आखात आहे, इंग्लंड आहे, जा जरूर. आता ओरोसला आणि रत्नागिरीलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली, तिथेही माणसं लागतात.

इथे मागे बसलेले बाबा मघापासून मान हलवतायत, त्यांच्यासाठी एक वाक्य. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना परिचारिकेचं शिक्षण द्यायला लागल्या, तेव्हा घरचे असेच मान हलवत होते. त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली.

शेवटी, कॉलेज निवडताना फी आणि इमारत बघालच. त्यासोबत तीन गोष्टी विचारा. लेबर रूममध्ये एका वेळी किती विद्यार्थिनी पाठवता? कळा लांबल्या तर मुलीला थांबू देता का? आणि तिच्यासोबत रात्री ट्यूटर थांबते का? प्राचार्यांसमोर, मुलीला शेजारी बसवून विचारा. दहा पालकांनी विचारलं तर अकराव्या वेळी त्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल. अर्जाचे कागद ज्यांना बघून हवेत त्यांनी बाहेर ओट्यावर या, मी थांबलेय.