उशीर लागला तरी वाट पाहा

मंडळी, १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत चामड्याच्या पहिल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांतल्या एकीवर बायबलच्या जुन्या करारातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा ग्रंथ आहे, पण सलग नाही. आधी मूळ वचन, मग ‘पिशरो’, म्हणजे ‘याचा उलगडा असा’, आणि खाली अर्थ. की लगेच पुढचं वचन.

हबक्कूक बोलतो तो खास्द्यांविषयी, बाबेलच्या फौजेविषयी. पाचेक शतकांनी, इ.स.पू. पहिल्या शतकात, हा टीकाकार, म्हणजे गुंडाळीत उलगडा लिहिणारा, सांगतो की खास्दी म्हणजे कित्तीम. हे कित्तीम कोण? मूळ वचनात शत्रू आपल्या जाळ्याला बळी अर्पण करतो. टीकाकार म्हणतो, हे लोक आपल्या निशाणांना बळी देतात. सैन्याची निशाणं पुजणारी ही फौज रोमची.

कुणी म्हणेल, ओढूनताणून लावलेला अर्थ. मला तसं वाटत नाही. त्याची भूमिका तो स्वतःच मांडतो: शेवटच्या पिढीवर काय येणार ते देवानं हबक्कूककडून लिहून घेतलं, पण काळ कधी पुरा होणार ते त्याला सांगितलं नाही. संदेष्ट्यांच्या शब्दांतली रहस्यं कळली ती टीकाकार ज्या यहुदी पंथातला, त्या पंथाच्या ‘नीतिमत्तेच्या गुरू’ला. केवढं धाडस आहे हे! लिहिणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याला अधिक ठाऊक.

आणि मग येतं ते वचन, ‘उशीर लागला तरी त्याची वाट पाहा.’ इथे टीकाकार काही लपवत नाही. शेवटचा काळ लांबेल, संदेष्ट्यांनी सांगितलं त्याहूनही लांबेल, असं तो लिहून टाकतो. आणि काळ लांबला तरी सत्याच्या सेवेत ज्यांचे हात ढिले पडत नाहीत, अशांची आठवण काढतो. या ओळीपाशी मी दरवेळी थांबतो. ही वाट पाहणाऱ्या माणसांनी वाट पाहणाऱ्यांसाठीच लिहिलेली टीका आहे.

पुढचंच वचन सर्वांत गाजलेलं: ‘नीतिमान आपल्या विश्वासानं जगेल.’ मूळ शब्द ‘एमूना’. त्यात विश्वास आहे आणि निष्ठाही. ग्रीक भाषांतरात मात्र ‘माझ्या’ आहे, म्हणजे देवाच्या निष्ठेनं. हिब्रूत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा: वाव असेल तर ‘आपल्या’, योद असेल तर ‘माझ्या’. आणि त्या काळच्या हस्ताक्षरात ही दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. ख्रिस्ती प्रेषित पौलानं रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना ‘माझ्या’ही नाही, ‘आपल्या’ही नाही, सर्वनामच गाळलं. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात तर मोशेच्या ६१३ आज्ञा दावीदानं ११ वर आणल्या, असं करत करत हबक्कूकनं एकीवर आणल्या, आणि ती एक म्हणजे हेच वचन.

कुमरानचा टीकाकार सांगतो, हे वचन यहूदाच्या घराण्यातल्या नियमशास्त्र पाळणाऱ्यांविषयी आहे. त्यांचे कष्ट आणि त्यांची गुरूवरची निष्ठा यांमुळे देव त्यांना सोडवील. मग त्याच्यासमोर जी प्रत होती, तिच्यात वाव होता की योद? गुंडाळीची खालची कड झिजून गेली आहे. मजकुराच्या सातव्या स्तंभाच्या, म्हणजे रकान्याच्या, तळाशी नेमके तेच शब्द नाहीत, आणि आठव्याच्या माथ्यावर त्यांचा उलगडा शाबूत आहे.