पाचवा हिरवा ठिपका

(दृश्य: मॉनिटरवर व्हॉइस चॅनेल. चार नावं. घड्याळात ९ वाजून ४ मिनिटं.)

स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या टीमशी सरावाचा सामना, नऊची ठरली होती. समोरची टीम लॉबीत येऊन थांबली आहे आणि इथे चारच नावांपुढे हिरवा ठिपका दिसतोय. पाचव्याला मेसेज गेला, फोनही लावून झाला. समोरचे अजून दहा मिनिटं थांबतील, मग दुसरी टीम शोधतील. आणि पुढच्या आठवड्यात या चौघांच्या टीमने त्यांना सरावाला विचारलं, तर बहुधा उत्तर येणार नाही.

व्हॅलोरंटसारखे पाच विरुद्ध पाच नेमबाजीचे गेम खेळणाऱ्या हौशी ईस्पोर्ट्स टीमच्या नेमबाजीबद्दल खूप बोललं जातं. टीम मोडते ती मात्र बहुतेक वेळा या चॅनेलमध्ये, सामना सुरू व्हायच्या आधी.

साधा हिशोब करू. प्रत्येक खेळाडू दहापैकी नऊ वेळा ठरल्या वेळी येतो असं धरा. कॉलेज, नोकरी, घर सांभाळून खेळणाऱ्याची ही हजेरी चांगलीच म्हणायची. पण पाचही जण एकाच संध्याकाळी हजर असण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा पाचवा घात. तो येतो ०.५९. सगळे मनापासून खेळणारे असूनही दहातल्या चार स्क्रिम बुडणार. समोरची टीमही अशीच असेल, तर दोन्हीकडचे पाच-पाच जमण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के उरते.

आता याच टीममध्ये तितकीच हजेरी असलेला सहावा खेळाडू घ्या. सहातले निदान पाच हजर असण्याची शक्यता ५९ वरून थेट ८९ टक्क्यांवर जाते. सातवा घेतला तर ९७. टीमने करायच्या सगळ्या कामांत इतका मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, आणि तरीही नव्या टीम पाच मित्रांवरच थांबतात.

सहावा घेतात तेव्हाही तो टिकत नाही, कारण त्याला फक्त कुणी आलं नाही की बोलावलं जातं. महिनाभर त्याने नुसती वाट बघायची आणि मग अचानक स्पर्धेत उतरायचं. असा माणूस दुसऱ्या महिन्यात निघून जातो, आणि त्याची चूक नसते. उपाय एकच चालतो: बदली माणसांवर करायची नाही, मॅपवर (गेममधल्या मैदानांवर) करायची. सहाव्याला दोन मॅप द्यायचे, तिथे तो पहिल्या पाचांत. त्या मॅपवर बाहेर बसणारा खेळाडू आधीच ठरलेला असतो, त्यामुळे कुणाला काढल्यासारखं वाटत नाही. उरलेल्या मॅपना सहावा चॅनेलमध्ये माइक बंद करून ऐकत बसतो आणि राउंडची (मॅपमधल्या प्रत्येक छोट्या डावाची) टिपणं काढतो. बाहेरून ऐकणाऱ्याला जे दिसतं, ते खेळणाऱ्या पाचांना दिसत नाही. फक्त स्पर्धेचे नियम आधी वाचावे लागतात. अनेक ठिकाणी खेळाडू दोन मॅपच्या मध्येच बदलता येतो आणि त्याचं नाव नोंदणीच्या वेळीच द्यावं लागतं.

(दृश्य: आठवड्याचा तक्ता. तीन संध्याकाळी रंगवलेल्या.)

आठवड्यात तीन संध्याकाळी, प्रत्येकी अडीच तास. हौशी टीमला एवढंच झेपतं. पाच दिवस ठरवणाऱ्या टीम तिसऱ्या आठवड्यात दोनवर येतात आणि मग एकमेकांवर चिडतात. दोन संध्याकाळी स्क्रिम, तिसरी रेकॉर्डिंग बघायला आणि रिकाम्या सर्व्हरवर स्मोक (धूर), फ्लॅश (डोळे दिपवणारा प्रकाश) बसवायला. रविवारी कोण कधी येणार याचं मतदान टाकायचं, सोमवारी दुपारी बंद करायचं. उत्तर न देणारा त्या आठवड्यात उपलब्ध नाही असंच धरायचं, मागे लागायचं नाही.

स्क्रिम मागताना चार गोष्टी एकाच मेसेजात हव्यात: टीमची साधारण रँक, सर्व्हर, मॅप आणि वेळ. वेळेसोबत टाइम झोन लिहायलाच हवा. ‘नऊला’ एवढ्यावर ठरलेल्या स्क्रिममध्ये एक टीम तासभर आधी येऊन निघून गेलेली असते. २४ राउंड खेळायचे की कुणी १३ जिंकले की थांबायचं, तेही आधीच बोलून घ्यायचं. सरावात स्कोअर काहीही असो, पूर्ण २४ राउंड खेळावेत. बाजू बारा राउंडनंतर बदलते, नाहीतर १३-३ ने हरणाऱ्या टीमला दुसऱ्या बाजूने खेळायला चारच राउंड मिळतात आणि तिथलं काहीच तपासता येत नाही. एका मॅपला ४० ते ५० मिनिटं धरायची. सामन्याच्या दोन तास आधी ‘पक्कं ना?’ असा एक मेसेज टाकायचा. रद्द करायचं असेल तर त्याच वेळी करायचं. छोट्या वर्तुळात टीमची पत याच मेसेजवर ठरते.

(दृश्य: व्हॅलोरंटचा खरेदीचा पडदा. कर्सर स्पेक्टरवर.)

सराव झाला तरी त्यातून काय शिकायचं, हा प्रश्न उरतोच. एक राउंड जवळून पाहू.

पिस्तूल राउंड, म्हणजे प्रत्येक बाजूचा पहिला, कमी पैशांचा राउंड, हरला. प्रत्येकाने सुरुवातीचे ८०० क्रेडिट (शस्त्रं घ्यायचे गेममधले पैसे) संपवलेत, कुणाला किल मिळालेला नाही. हरल्याचे १९०० प्रत्येकाच्या खात्यात आले. आयजीएल, म्हणजे खेळताना कॉल देणारा कर्णधार, सांगतो, सेव्ह (पैसे वाचवा). चौघं काहीच घेत नाहीत. पाचव्याला वाटतं, आपण एकटा काहीतरी करू. तो १६०० ची स्पेक्टर बंदूक घेतो. हाही राउंड जातो, आणि दुसऱ्या पराभवाचे २४०० मिळतात. चौघांकडे आता प्रत्येकी ४३०० आहेत. व्हँडल रायफल २९०० ची, जड शील्ड (चिलखत) १००० चं, वर अ‍ॅबिलिटींना (पात्राच्या खास क्षमतांना) ४०० शिल्लक. पाचव्याकडे आहेत ३०० अधिक २४००, म्हणजे २७००. शील्ड राहू द्या, व्हँडललाच २०० कमी. दुसऱ्या कुणाकडून घ्यावी, तर दोन व्हँडलचे ५८०० कुणाकडेच नाहीत. तिसरा राउंड टीम साडेचार माणसांनी खेळते, हरते, आणि चर्चा होते ती कुणाचा शॉट चुकला यावर.

असे राउंड रेकॉर्डिंगमध्येच सापडतात. पण संपूर्ण सामना बघत बसू नका. दीड तासाचं रेकॉर्डिंग पाच थकलेली माणसं रात्री साडेअकराला बघतात, तेव्हा पहिल्या वीस मिनिटांनंतर कुणीच बघत नसतं. सहा राउंड निवडा. दोन्ही पिस्तूल, त्यांच्यानंतरचे दोन, आणि संख्येने पुढे असूनही हरलेले कोणतेही दोन. पाच विरुद्ध तीन असताना गेलेला राउंड टीमबद्दल जितकं सांगतो, तितकं दहा सफाईदार विजय सांगत नाहीत. प्रत्येक राउंड थांबवून एकच प्रश्न विचारायचा: या क्षणी तुला काय माहीत होतं? ‘असं का केलंस’ विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. काय माहीत होतं हे विचारलं की बहुतेक वेळा कळतं, माहिती दुसऱ्याकडे होती आणि त्याने ती सांगितलीच नव्हती.

कॉम्सचं, म्हणजे खेळतानाच्या आपसातल्या बोलण्याचं, दुखणं इथेच आहे. उपयोगाच्या कॉलमध्ये संख्या, जागा आणि डॅमेज असतं: ‘एक, ए मेन, चौऱ्याऐंशी.’ बस. प्रत्यक्षात ऐकू येतं ते असं: ‘अरे यार, तिथे होता, कसा मेलो मी, कोपऱ्यात होता रे तो!’ कोपरा कोणता, किती जण, किती लागलं, यातलं काहीच नाही. आणि एवढ्या वेळात जिवंत असलेल्याला पावलांचा आवाज ऐकायचा होता. नियम असा ठेवा: मेल्यावर एक कॉल द्यायचा, मग गप्प. क्लच खेळणाऱ्याने (टीममधून एकटा उरलेल्याने) विचारलं तरच बोलायचं. पुश टू टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू) सगळ्यांना सक्तीचं. उघड्या माइकवर एका पंख्याचा किंवा खडखडाटी कीबोर्डचा आवाज पाचांच्या कानात शिरतो.

(दृश्य: राउटर. पिवळी केबल. कमांड विंडोत पिंगच्या ओळी.)

आता तांत्रिक बाजू. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. त्याची सरासरी फसवी असते. स्थिर ७० वर माणूस सवयीने खेळतो. ४० वरून मधूनच १२० वर उडी मारणाऱ्या लाइनवर खेळता येत नाही. दोष शोधायला दोन खिडक्या उघडा. एकीत आपल्याच राउटरला सलग पिंग, दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. दहा मिनिटं चालू ठेवा. राउटरचे आकडेच उड्या मारत असतील तर दोष वायफायचा. केबल लावा, तेवढ्याने बहुतेकदा सुटतो. राउटर स्थिर आणि बाहेरचे आकडे उडत असतील, तर आधी घरात कोण काय अपलोड करतंय ते बघा. १०८० पी, ६० फ्रेमचं स्ट्रीमिंग सेकंदाला साधारण ६ मेगाबिट घेतं. अपलोड १० चंच असेल आणि कुणाच्या फोनचा फोटो बॅकअप सुरू झाला, तर गेमच्या डेटाची पाकिटं रांगेत अडकतात. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधली की ती रांग राउटरच्या ताब्यात राहते. एवढं करूनही आकडे उडत राहिले तरच लाइन देणाऱ्याकडे तक्रार करा, आणि सोबत या दहा मिनिटांच्या नोंदी द्या.

पाच जण पाच ठिकाणी असतील तर सर्व्हर सरासरी बघून निवडू नका. सगळ्यात वाईट पिंग ज्याचं आहे, त्याला कमीत कमी त्रास होईल तो निवडा. ३० वर खेळणाऱ्या चौघांना ४५ ने फारसं बिघडत नाही, पण ११० वर खेळणारा पाचवा प्रत्येक कोपऱ्यावर उशिरा पोचतो.

सामन्याच्या दिवशी संगणक निदान तासभर आधी सुरू करून गेम उघडून बघायचा. अपडेट नेमकं त्याच वेळी उतरतं. अँटीचीट (फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) ही अडवतं: व्हॅलोरंट विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सेटिंग चालू मागतं, आणि बायोस अपडेट केल्यावर या सेटिंग कधी कधी बंद झालेल्या असतात. खेळाडूला ते कळतं सामन्याच्या पाच मिनिटं आधी. सामना स्ट्रीम करणार असाल तर तो काही मिनिटं उशिराने दाखवा. नाहीतर तुमची जागा समोरच्याला थेट दिसत असते.

(दृश्य: सात मॅपची रांग. एकेक काळा होत जातो.)

मॅप किती शिकायचे, यावर टीममध्ये नेहमी वाद होतात, आणि उत्तर गणितात आहे. यादीत सात मॅप. एकाच मॅपच्या सामन्यात दोन्ही टीम आळीपाळीने सहा मॅप उडवतात, म्हणजे बाद करतात, प्रत्येकी तीन. चार मॅप पक्के असले तर उरलेले तिन्ही कच्चे तुम्ही स्वतःच उडवू शकता. सुरुवातीच्या फेऱ्यांत अनेकदा एकाच मॅपचे सामने असतात, तिथे चार पुरतात. तीनपैकी दोन मॅप जिंकायच्या सामन्यात गोष्ट बदलते. प्रत्येकाने एकेक उडवल्यावर लगेच निवडीची पाळी येते, आणि समोरच्याने अभ्यास केला असेल तर तो तुमचा कच्चा मॅप निवडतो. तिथे कायम उडवायचा एक मॅप सोडून बाकी सहा येतच असायला हवेत. म्हणून आधी चार, मग दर महिन्याला एक. मध्येच एखादा मॅप यादीतून निघतो आणि दुसरा येतो, तेव्हा कित्येक आठवड्यांची मेहनत बाजूला पडते. वाईट वाटतं, पण ते सगळ्यांचंच होतं.

हे सगळं सांभाळतं कोण? छोट्या टीममध्ये जो कॉल देतो तोच नोंदणी करतो, स्क्रिम शोधतो, नियम वाचतो, भांडणं मिटवतो आणि शेवटी स्कोअरचा स्क्रीनशॉटही तोच पाठवतो. आयजीएलचा स्वतःचा खेळ आधीच कॉल देण्यात वाटला जातो, त्यात हे ओझं आलं की सहा महिन्यांत तोच टीम सोडतो. नोंदणी आणि आयोजकांशी बोलणं एकाकडे, स्क्रिम दुसऱ्याकडे, रेकॉर्डिंग तिसऱ्याकडे. वाटप कागदावर हवं. त्याच पानावर बक्षिसाची वाटणीही लिहून ठेवा, पहिली स्पर्धा खेळण्याआधी: सहाव्याला किती, प्रवेश शुल्क आधी वळतं करायचं का, मध्येच टीम सोडणाऱ्याचा हिस्सा राहतो का. खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांची संमती आधी घ्या. रक्कम छोटी असते, म्हणूनच कुणी बोलत नाही, आणि छोट्या रकमेवरून मैत्री तुटते.

मग एक दिवस सगळ्यात चांगल्या खेळाडूला मोठी टीम बोलावते. तो जाणार. त्याला अडवण्यासारखं तुमच्याकडे काही नाही, आणि अडवूही नये. पण त्याच संध्याकाळी काही कामं उरकावी लागतात. चालू स्पर्धेत रोस्टर (नोंदवलेल्या खेळाडूंची यादी) लॉक झालाय का ते बघणं. लीगमधली जागा कशी राखली जाते ते वाचणं. अनेक लीगमध्ये त्यासाठी मूळ पाचांपैकी तीन टीममध्ये असावे लागतात. टीमच्या मेलचा, स्ट्रीमचा पासवर्ड बदलणं. व्हॉइस सर्व्हरची मालकी त्याच्या नावावर असेल, तर तो असतानाच दुसऱ्याकडे घेणं. आणि ज्या दोन मॅपवर बचावाची सगळी मांडणी त्याच्याभोवती बांधली होती, तिथल्या जागा आणि स्मोक पुढच्या स्क्रिमआधी बदलणं. कारण तो कधीतरी समोर येणार आहे, आणि तुमचा कोण कुठे उभा असतो हे त्याला तोंडपाठ आहे.