वाचताना मागे वळणं

नमस्कार. वाचनावर बोलायला उभं राहिलं की मला पहिला प्रश्न हमखास हाच येतो, तुम्ही महिन्याला किती पुस्तकं वाचता? आत्ता आत येतानाही दोघांनी विचारलं. लोक प्रेमानेच विचारतात, पण या प्रश्नाने माझं एक अख्खं वर्ष खाल्लं, म्हणून आज त्याच्याविषयीच बोलते.

झालं असं की काही वर्षांपूर्वी मी एका ॲपवर टार्गेट लावलं, वर्षाला ६० पुस्तकं. मार्च आला तसं ते सांगायला लागलं की तुम्ही तीन पुस्तकं मागे आहात, आणि वाचणाऱ्या माणसाला हे 'मागे आहात' फार लागतं. मग नकळत मी बारीक बारीक पुस्तकं निवडायला लागले, कपाटातली जाडजूड कादंबरी पुढच्या वर्षावर ढकलली, आणि वाचताना वर्णनाचा परिच्छेद आला की नजर आपोआप खाली सरकून संवाद कुठे सुरू होतोय ते शोधायला लागली. डिसेंबरात ६० झाली. जानेवारीत यादी चाळत होते तर एका नावापाशी थांबले. पुढे तारीख होती, चार स्टार मीच दिलेले होते, पण त्यातल्या एकाही माणसाचं नाव मला आठवेना, गोष्ट कुठे घडते तेही आठवेना. मला खरंच वाईट वाटलं, कारण कोणीतरी काही वर्षं खपून ते लिहिलं असणार आणि मी त्याचा नुसता फडशा पाडला होता.

तेव्हापासून वाचनाचा वेग म्हणजे नक्की काय, याच्या मी मागे लागले.

आपल्याला वाटतं डोळे ओळीवरून सरळ सरकत जातात. तसं नसतं. डोळे उड्या मारतात, थांबतात, परत उडी मारतात. १९व्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये डोळ्यांचे डॉक्टर लुई एमिल जावाल यांच्या लॅबमधून हे पुढे आलं, आज या उडीला सॅकेड म्हणतात. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो आणि जे काही आपण वाचतो ते त्या थांब्यातच, उडीच्या मधल्या क्षणात डोळ्याला धड काही दिसत नाही. शिवाय एका थांब्यात स्पष्ट दिसतो तो एखाददुसरा शब्द, कारण नजरेच्या अगदी मधलाच इवलासा भाग बारीक अक्षर ओळखण्याइतका तीक्ष्ण असतो. 'अख्खं पान एका नजरेत' असं कोणी शिकवत असेल तर डोळ्याची रचनाच त्याला साथ देत नाही.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. सराईत वाचक घेतला तरी त्याच्या १०० उड्यांमधल्या साधारण १० ते १५ उड्या मागच्या दिशेने असतात. आपण सतत मागे जाऊन येतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. वाक्य मध्येच वळलं, 'तो' म्हणजे नक्की कोण ते कळलं नाही, की डोळे झटकन जाऊन बघून येतात.

आणि स्पीड रीडिंगवाल्यांनी, म्हणजे झटपट वाचायला शिकवणाऱ्यांनी, नेमकी हीच गोष्ट खोड ठरवली. इव्हलिन वूड यांचे क्लास १९५९मध्ये अमेरिकेत सुरू झाले, पानावरून हात फिरवायचा आणि नजरेने त्याच्या मागून जायचं. या पद्धतीच्या बहुतेक क्लासमध्ये मागे वळायचं नाही हा नियमच असतो. पुढे ॲप आली, त्यात स्क्रीनवर एकाच जागी एकेक शब्द चमकून जातो, म्हणजे वळून बघायचं म्हटलं तरी मागे काही उरलेलंच नसतं. २०१४मध्ये एलिझाबेथ शॉटर आणि कीथ रेनर वगैरे संशोधकांनी हे तपासलं, वाचून झालेला शब्द लगेच स्क्रीनवर झाकला जाईल अशी सोय केली आणि नंतर वाक्यावर प्रश्न विचारले. मागे वळून उपयोग नाही म्हटल्यावर समज चांगलीच घसरली. मी हे वाचलं आणि माझ्या ६० पुस्तकांच्या वर्षाचं कोडं सुटलं, मी स्वतःच मागचे शब्द झाकत चालले होते.

आता तरी पण नॉर्मल वेग किती, हे कोणीतरी विचारणारच. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे, मनातल्या मनात इंग्रजी माहितीपर मजकूर वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द, कथा-कादंबरी असेल तर २६०. पण हा आकडा जसाच्या तसा मराठीला लावू नका हं. 'घरासमोरच्या' हा आपला एक शब्द, इंग्रजीत तो सांगायला चार-पाच शब्द लागतात, मग शब्द मोजून तुलना कशी करणार? आणि इंग्रजीतसुद्धा तोच माणूस ओळखीच्या विषयात सुसाट जातो आणि नव्या विषयात पानापानाला अडतो. मी कविता वाचते तेव्हा एका पानावर वीस मिनिटं जातात, रहस्यकथा एका बैठकीत संपते, यातला माझा वेग कोणता म्हणायचा? वेग पुस्तकागणिक बदलतो, कधी कधी तर परिच्छेदागणिक.

कागद की स्क्रीन यावर मी फार बोलणार नाही. २०१८मध्ये ५४ अभ्यासांचा आढावा आला होता, माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं त्यात दिसलं, कथांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. माझा आपला अनुभव एवढाच की कागदावर मला परतीची वाट सापडते, ते वाक्य डाव्या पानावर खाली कोपऱ्यात होतं हे हाताला आठवतं.

पुस्तकवेड्यांचे छंद मला आवडतात ते याच कारणासाठी. कोणी बुकमार्क जमवतं, कोणी जुन्या पुस्तकांची बांधणी करतं, कोणी नुसती विकत घेऊन रचून ठेवतं, त्याला जपानीत 'त्सुंदोकु' असा शब्दच आहे. पण माझा सगळ्यात लाडका छंद म्हणजे परत जायची सोय करून ठेवणं. चार्ल्स डार्विन बघा, ते पुस्तक वाचताना कामाच्या जागी पेन्सिलने खूण करायचे आणि शेवटच्या कोऱ्या पानावर त्या पानांचे नंबर लिहून स्वतःपुरती सूची बनवायचे. पुस्तक हातात धरायला जड वाटलं तर सरळ मधून कापून दोन भाग करायचे, आणि वाचलेल्या पुस्तकांची वही त्यांनी १८३८पासून पुढे वीसेक वर्षं ठेवली. कापायचा धीर मला होत नाही, पण शेवटच्या पानावरची सूची मी उचलली. माझी पद्धत साधी आहे, पान नंबर, पुढे दोन-तीन शब्द, आणि तारीख. म्हणजे 'पान ११२, आई दार लावत नाही', बस. वाक्य उतरवून घेत नाही, कारण ते वाचायला मला त्या पानावरच जावं लागलं पाहिजे.

तारखेचं महत्त्व मला उशिरा कळलं. मागच्या वर्षी विशीत वाचलेली एक कादंबरी परत काढली, मुलगी घर सोडून जाते त्या प्रसंगापाशी समासात माझ्याच अक्षरात 'शाबास!' लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा, पेन्सिल इतकी दाबून मारलेली की मागच्या पानावर उमटली होती. या वेळी त्या पानावर मला पहिल्यांदा तिचा बाप दिसला. तो अख्ख्या प्रसंगात फक्त दिव्याची काच पुसत बसलाय, एक शब्द बोलत नाही. पूर्वी ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेलीच असणार, पण मी थांबले नव्हते. 'शाबास' खोडलं नाही मी, ते त्या वयाचं खरं होतं. खाली नवी तारीख टाकली आणि लिहिलं, 'काच'.

आता आपल्याकडे दहा मिनिटं आहेत तर एक करूया. दोघं दोघं समोरासमोर बसा. एकाने पुस्तक डोळ्यांच्या उंचीपेक्षा जरा खाली धरून मनातल्या मनात वाचायचं, दुसऱ्याने पुस्तकाच्या वरून त्याच्या डोळ्यांकडे बघायचं. ओळ संपून नवी सुरू होताना मोठी उडी दिसेल ती मोजू नका. ओळीच्या मध्येच डोळे मागे गेले, तेवढंच मोजा, आणि नंतर वाचणाऱ्याला विचारा, तिथे काय होतं? चला, पुस्तकं काढा.